पाणी निवळलं, मी काळवंडले

मी एक काचेची बाटली बोलतेय. जन्मले तेव्हा इतकी नितळ होते, की माझ्याआड ठेवलेला कागद वाचता यायचा. आता बघाल तर तपकिरी. कुणी म्हणतं डाग पडलेत, कुणी म्हणतं हिला चिंचेनं घासा. घासून जाणारा रंग नव्हे हा. मी तो कमावलाय.

भट्टीतून निघाले आणि खोक्यात बसून कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत आले. तिथं संघप्रिया भेटली. मंगळवार पेठेतली, किरणांचं रसायनशास्त्र शिकलेली आणि बाटल्यांशी बोलणारी. "चल बाई, तुझा नंबर," म्हणत तिनं माझ्यात कागलजवळच्या एका ओढ्याचं पाणी भरलं. निळंशार! कापड रंगवायच्या कारखान्यातून ते ओढ्यात यायचं.

मग तिनं मला शिशाच्या जाडजूड पिंपात उतरवलं. आत कोबाल्टची किरणं. ती रंगाच्या वाटेला फारशी जात नाहीत, आधी पाण्यालाच चिमटे काढतात. पाण्याचे कण फुटतात आणि ते खवळलेले तुकडे रंगावर तुटून पडतात. माझ्या पोटात नुसता धुमाकूळ! किरणांनी जाता जाता मलाही सोडलं नाही. बाहेर आले तेव्हा पाणी निवळलं होतं आणि मी काळवंडले होते.

संघप्रिया हसून म्हणाली, "राबलं की असंच होतं गं."

पण एका बाटलीनं ओढा निवळत नाही. वर्षभर दर आठवड्याला कारखान्याच्या दारातलं पाणी तपासल्याशिवाय तिचं काम पुढं सरकणार नव्हतं. परवानगी मालकाच्या हातात. म्हणून मला पिशवीत घालून ती मालकांच्या, बाळासोंच्या हापिसात गेली.

तिथं ओढ्याकाठच्या बायडाबाई आधीच तक्रार घेऊन बसल्या होत्या. "बेंदराचा सण नसताना माझी म्हैस रंगून येतीया! तोंड निळं, जीभ निळी. गावातली पोरं हसत्यात तिला."

संघप्रियानं मला टेबलावर ठेवलं. बाळासोंनी चष्मा वर केला. "काकवी आणलीया व्हय?"

"काका, तुमचंच पाणी हाय. बाटली काळी झालीया, पाणी न्हाय." तिनं ते काचेच्या पेल्यात ओतलं. लख्ख! बायडाबाई पुढं वाकल्या आणि दचकून मागं सरल्या. "किरणं लावलेलं न्हवं हे? अंगाला चिकटंल की!"

"मावशी, लुगडं उन्हात वाळत घातलं तर ऊन लुगड्यात राहतंय का? तसंच हाय हे."

बाळासोंनी पेला तिच्यापुढं सरकवला. "मग प्या की! एक घोट. प्यालात तर आत्ता सही करतो."

संघप्रियाचा हात पेल्याकडं गेला. मला वाटलं, पिते की काय ही! एका घोटात सगळं मार्गी लागणार होतं. पण तिनं पेला उचलून बाजूला ठेवला.

"न्हाय पिणार. रंग तुटलाय, पण त्याचे बारके तुकडे पाण्यात उरले असतील. ते जिवाणूंकडून संपवायचं काम अजून बाकी हाय. म्हशीलाबी हे पाजू नका."

"मग आणलंसा कशाला?" म्हणत बाळासोंनी फाईल मिटली. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात बायडाबाई उठल्या. "बाळासो, धा वर्षं तुझं पाणी माझ्या दारावरनं जातंय. एकदा तरी म्हणालास, म्हशीला पाजू नका म्हणून? ही पोरगी स्वतःचं काम बुडवून खरं सांगतीया. मी हिचं ऐकणार. तू सही कर."

बाळासो बराच वेळ पेन शोधत राहिले. ते त्यांच्या खिशालाच होतं. शेवटी सही झाली.

निघताना संघप्रिया मला उचलायला लागली, तर बायडाबाईंनी हात आडवा घातला. "ही हितंच राहू दे. ह्याच्या डोळ्यापुढं."

तेव्हापासून मी या टेबलावर आहे. ओढा अजून निळाच आहे. संघप्रिया दर सोमवारी माझ्या नव्या, नितळ बहिणी घेऊन येते, पाणी भरते आणि जाता जाता मला फडक्यानं पुसून जाते.

पावणं, कधी कामानं इकडं आलात तर एवढं करा. बाळासोंना विचारा, ही बाटली काळी कशानं झाली? ते हसतील, चहा मागवतील, उसाच्या दराचं काढतील. चहा घ्या. आणि परत विचारा.