सिस्टर इंग्रजीत नाही म्हणते

सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. दूधवाला, शेजारीण, शेजारणीचा नवरा, झाडून सगळे. फक्त घड्याळजी तेवढा म्हणत नसे. तो तिचा नवरा असल्यामुळे त्याची अडचण कोणीही समजून घेईल.

बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर सिस्टरने ठरवलं की आता नव्या पोरींना शिकवायचं. शिकवायचं तर आधी विद्यापीठाची पुढची पदवी हवी, आणि तिथला प्रवेश पक्का व्हायचा तर इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी. अर्ध्या तासाचं व्याख्यान ऐकायचं, त्याचा गोषवारा तोंडी सांगायचा आणि मग दोन प्राध्यापकांसमोर बसून चर्चा करायची. हॉस्पिटल शिकायला रजा देत होतं, पण वयाच्या पंचेचाळीसपर्यंतच. ती चव्वेचाळीस वर्षं आठ महिन्यांची होती. यंदा नाही तर कधीच नाही.

ऐकण्याचं तिने दोन महिन्यांत मार्गी लावलं. सुरुवातीला ती व्याख्यानातला शब्द न् शब्द उतरवायची, कारण डॉक्टर बोलले की उतरवायचं ही सवय हाडीमाशी खिळलेली. पाच मिनिटांत हात दुखायचा आणि व्याख्याता चार वाक्यं पुढे गेलेला असायचा. तेव्हा विद्यापीठातल्या भाषेच्या बाईंनी विचारलं, "वॉर्डात वीस पेशंट खोकत असतात. सगळ्यांकडे धावता का?"

"छे. ज्याचा खोकला बदलला, त्याच्याकडे."

"मग इथंही तसंच ऐका."

त्या दिवसापासून ती कानात इअरफोन घालून भाजी निवडायची आणि व्याख्यात्याने 'पण' किंवा 'म्हणून' म्हटलं की तिची मान वर व्हायची. घड्याळजी स्वतः तीस वर्षं टिकटिक ऐकून घड्याळांची दुखणी ओळखत आलेला. ती मान वर होताना पाहून त्याला जे वाटायचं, त्याला आदर म्हणतात. बायकोबद्दल आपल्याला तसं वाटतंय हे त्याने अजून कोणाला कळू दिलं नव्हतं.

घोडं अडलं ते बोलण्यात. सराव परीक्षेत चर्चेला दहापैकी चार गुण पडले. पास व्हायला सहा लागत. खाली शेरा होता: 'विद्यार्थिनी प्रत्येक मुद्द्याशी सहमत होते.'

घड्याळजीने भिंग लावून तो शेरा पुन्हा वाचला. "तू? सहमत?"

"अहो, इंग्रजीत समोरचा काहीही बोलला की माझ्या तोंडून 'येस सर'च निघतं. बावीस वर्षं इंग्रजी बोलले ते डॉक्टरांशी. त्यांच्याशी दुसरं काय बोलणार?"

"आणि मराठीत?"

"मराठीत तुम्ही असता."

सराव घरीच करायचा ठरलं. तिची सकाळपाळी संपली की चार वाजता घरापुढच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना. घड्याळजीचं इंग्रजी आठवीपर्यंतचं, वर थोडं घड्याळांच्या कॅटलॉगमधलं. पहिल्या दिवशी त्याने इंग्रजीत जाहीर केलं की या गल्लीत त्याच्याइतका हुशार माणूस नाही. "येस सर," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी, चहात साखर वाढवायला हरकत नाही. "येस सर." बावीस वर्षांच्या संसारात जे सुख मिळालं नव्हतं, ते त्याने चार दिवस पोटभर भोगलं. पाचव्या दिवशी त्याला तिचं वय आठवलं आणि तोंडातला चहा कडू झाला.

मग त्याने ठरवलं, घाव घालायचा तर वर्मावर.

"ताप आला," तो चिमटा खाली ठेवून इंग्रजीत म्हणाला, "की पेशंटला तीन पांघरुणं घालावीत."

"येस..." ती थांबली. चेहरा लाल झाला. "काहीतरीच काय बोलता? तापलेल्या पोराला कोंडून ठेवता का तुम्ही? अहो, तुमच्यासारखे बाप..."

"इंग्रजीत."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. "इंग्रजीत एवढा राग येत नाही हो."

"मग बेताचा आण."

भाषेच्या बाईंनी दिलेल्या कागदावर वाक्य होतं: 'तुमचा मुद्दा मला समजला, तथापि.' तिने ते इंग्रजीत दातओठ खाऊन म्हटलं, आणि पुढे पांघरुणांची सालटी काढली. वाक्यं मोडकी होती, पण एकही सहमत नव्हतं.

त्यानंतर तो रोज एक नवा गुन्हा करायचा. हातमोजे घातले की हात धुवायला नकोत. पेशंट झोपला असला की औषधाचा डोस वगळावा. असलं काही सुचावं म्हणून तो दवाखान्यातली पत्रकं आणून मन लावून उलटी वाचायचा. भिंतीवरचं घड्याळ घेऊन आलेला एक गृहस्थ दारातूनच म्हणाला, "मी नंतर येतो," आणि दोन दिवस फिरकला नाही.

घड्याळजीची आई एकदा मागच्या खोलीतून बाहेर आली. "काय चाललंय रे?"

"हिला वाद घालायला शिकवतोय, आई."

"हिला?" आईने सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. "बरं. मग संध्याकाळी मला म्हातारं व्हायला शिकव."

परीक्षेच्या दिवशी नातेवाइकांना मागच्या रांगेत बसायची परवानगी होती, गप्प राहण्याच्या अटीवर. घड्याळजीने ती अट बिनतक्रार मानली; त्याला सवय होती. व्याख्यान होतं पाळी बदलताना एका नर्सने दुसरीला पेशंटची माहिती कशी द्यावी यावर. त्याला त्यातलं काही उमगलं नाही. तिने मात्र सगळ्याचा गोषवारा पाच वाक्यांत उभा केला.

मग दोघांपैकी वयस्क प्राध्यापक म्हणाले की खाटेपाशी उभं राहून बोलण्यात रोज वीस मिनिटं वाया जातात. सगळं संगणकात लिहावं आणि घरी जावं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हालाही हे पटत असेल."

"येस सर," ती म्हणाली.

घड्याळजीने डोळे मिटले. रजा गेली, पदवी गेली, नव्या पोरी गेल्या. एक एक करून त्याने मोजल्या.

मग त्याला तिचा श्वास ऐकू आला, पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगण्याआधी ती घेते तसा.

"तुमचा मुद्दा मला समजला, तथापि," ती म्हणाली. आणि पुढचं इंग्रजी इतकं साधं होतं, की ते घड्याळजीलाही कळलं. एका मधुमेहाच्या आजोबांना इन्सुलिन दिलेलं. संगणकात लिहिलेलं, 'जेवले'. ताट रिकामं होतं, म्हणून. पाळीवर येताच तिने खाटेपाशी जाऊन विचारलं, तेव्हा आजोबा म्हणाले, भाकरी शेजारच्याने खाल्ली. "त्यांना वेळेवर साखर दिली, सर. संगणक बरोबर होता. ताट खरंच रिकामं होतं."

"हे एकच उदाहरण झालं," प्राध्यापक म्हणाले.

"हो. मला एक स्पष्ट कराल का? ती वीस मिनिटं वाचतात, ती कोणाची?"

प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. पुढची दहा मिनिटं दोघं एकमेकांना सोडेनात. मधल्या वाक्यांतलं घड्याळजीला फारसं समजलं नाही, पण सूर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. समोरचा माणूस आता काय भोगतोय हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आणि तरी त्याला वाटलं, हे असंच चालू राहावं. इतकी वर्षं आपण हे फुकट ऐकत होतो आणि मधेच उठून दुकानात जात होतो.

तासाभराने फलकावर निकाल लागला. बोलणं आठ, ऐकणं सात. प्रवेश पक्का. घड्याळजीने बारीक अक्षरं दोनदा वाचली आणि रुमाल काढून नाक शिंकरलं, सर्दी नसताना.

ती फलकासमोरून हलेना. "ऐकण्यात सातच?"

"अगं, मिळाला प्रवेश. चल, आईला सांगू."

"प्रवेश मिळाला हो. पण काय ऐकायचं राहिलं ते कळायला नको? पुढे दोन वर्षं व्याख्यानंच ऐकायचीत."

"म्हणजे आता भांडायला जाणार?"

"भांडायला कशाला? विचारायला." तिने पदर खोचला, दार वाजवलं आणि आत गेली.

घड्याळजी बाकावर बसला. शेजारी पुढच्या तुकडीतली एक मुलगी कागदावरची वाक्यं पुटपुटत होती. दारामागून तिला आवाज ऐकू आला.

"आत कोण आहे?"

"माझी बायको."

"त्यांना किती वेळ लागेल, काका?"

त्याने पाय लांब केले. "तिला पटेपर्यंत."