पपाच्या जागी बेबी

माझी बायको शर्ली नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती आणि शनिवारी संध्याकाळी क्लबात कंट्री गायची. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या माणसांची गाणी. सोडून आलेलं घर, म्हातारे आईबाप, दारू, तुरुंग, असं सगळं त्यात असतं. भायखळ्याची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मुलगी कोळशाच्या खाणीतल्या कामगारांपुढे हे गाते म्हटल्यावर लोक आधी हसायचे. एकदा ऐकलं की पुन्हा हसत नसत.

मी तिच्या मागे बसून स्टील गिटार वाजवायचो. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि पोलादाची कांडी तारांवरून सरकवत वाजवतात. मुंबईत असताना माझगावच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे मी ती शिकलो होतो. इथं मी एक्स-रे डिपार्टमेंटमध्ये होतो. आमची ओळख हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये झाली, 1964 साली. "तू नागावकर म्हणजे आमच्या अलिबागकडचा," असं ती मराठीत म्हणाली आणि माझा चहा तसाच राहिला. वर्षभरात लग्न झालं.

क्लबातली माणसं साधी होती. शनिवारी काउबॉय हॅट घालून यायची, बिंगोच्या, म्हणजे हाउझीच्या, खेळासाठी मध्येच आमचं गाणं थांबवायची आणि बिंगो संपला की पुन्हा मुकाट बसायची. शर्ली स्पॅनिश असावी असं बऱ्याच जणांना वाटे. ती कुणाला दुरुस्त करत नसे. शुक्रवारी मात्र ती गात नसे. शब्बाथचा, आमच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावून आम्ही घरी जेवायचो. तेवढं एक तिनं क्लबांना ठणकावून सांगितलं होतं, आणि त्यांनीही ते मानलं होतं.

1967 च्या नोव्हेंबरात मुंबईत तिचे वडील गेले. आमच्यात शक्यतो त्याच दिवशी माती देतात, त्यामुळे तार हातात पडली तेव्हा सगळं उरकलं होतं. शर्ली सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसली. आठव्या दिवशी ती ड्यूटीवर गेली आणि संध्याकाळी घरी येऊन, कोट अंगावर तसाच ठेवून, म्हणाली, "एलिजा, गिटार काढ."

तिनं गाणं इंग्रजीत केलं होतं. मुंबईत नर्सिंग शिकताना तिला घरी यायला उशीर व्हायचा, तेव्हा वडील दाराची कडी न लावता आतल्या खुर्चीत जागे बसायचे. गाणं एवढंच. 'पपा, कडी लावू नका, मी येतेय,' असं ध्रुपद. दुसऱ्या कडव्यानंतर तिनं मला चार ओळींची जागा मोकळी ठेवली होती. तिथं मी एकटा वाजवायचो. खाणीतली आडदांड माणसं त्या जागेवर ग्लास खाली ठेवायची. आठ वर्षं आम्ही ते गाणं गायलं, दर शनिवारी शेवटी.

1975 मध्ये लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस क्लबात आला. आवाज ऐकून म्हणाला, ही बाई कंट्रीत वाया जातेय. तिची पॉप रेकॉर्ड काढू. गाणी लिहायला आणि रेकॉर्ड बसवायला कंपनीची दोन माणसं असतील, डेनिस आणि कॉलिन. दोघांची गाणी तेव्हा रेडिओवर सारखी लागायची.

शर्लीनं त्या रविवारी मलिद्याचा नवस मानला. रेकॉर्ड झाली तर एलियाहू हनबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं पोहे-गूळ-खोबऱ्याचं ताट करीन, असं ती ओट्याशी उभी राहून पुटपुटली. मी ऐकलं. मीही मनात आमेन म्हटलं. मला वाटत होतं, रेकॉर्ड आमची दोघांची निघणार.

लंडनात ईलिंगला शर्लीची रेबेकामावशी राहायची. रजा काढून आम्ही तिच्याकडे उतरलो. पहिल्या दिवशी स्टुडिओत मी गिटारची पेटी उघडली. डेनिस तिथं आला. चाळिशीचा, हसतमुख, माझ्याशी फार अदबीनं बोलणारा.

"छान वाजवता हो तुम्ही," तो म्हणाला. "पण स्टील गिटार वाजली की लंडनचा माणूस रेडिओचं स्टेशन बदलतो. मी इथं व्हायोलिनं घेतली आहेत, बारा."

मी शर्लीकडे पाहिलं. ती हेडफोन हातात धरून उभी होती.

"या रेकॉर्डपुरतं, एलिजा," ती मराठीत म्हणाली. "एकदा नाव झालं की पुढच्या वेळी आपण सांगू ते चालेल."

मी पेटी बंद केली. डेनिसनं माझ्यासाठी काचेपलीकडच्या खोलीत सोफा दाखवला. तिथं मी नऊ दिवस बसलो.

गाणी बहुतेक त्या दोघांचीच होती. नाचायची, रात्रीच्या शहराची, टॅक्सीतल्या चुंबनाची. शर्लीला ती जमत होती, हे मला कबूल करायला हवं. तिचा आवाज कशातही बसायचा. शुक्रवारी दुपारचं काम लांबलं आणि सूर्यास्त उलटून गेला. मावशीनं एकटीनं दिवा लावला. शर्ली आल्यावर मावशीनं नुसतं पान वाढलं.

शेवटच्या दिवशी कॉलिन म्हणाला, तुझं ते कडीचं गाणंही घेऊ, फक्त ताल वाढवू. शर्लीचा चेहरा उजळला. एकदा तिनं गाऊन दाखवलं. डेनिसनं बटण दाबून आतल्या खोलीत आवाज दिला.

"सुंदर. एकच शब्द बदलायचाय. पपाच्या जागी बेबी."

"पण हे माझ्या वडिलांचं गाणं आहे."

"ते तुला माहीत, मला माहीत. रेडिओ ऐकणाऱ्या मुलीला कशाला कळायला हवं? तिला तिचा बॉयफ्रेंड आठवू दे ना. बापाची गाणी कुणी विकत घेत नाही, शर्ली."

तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतो याची ती वाट पाहत होती. मी 'नको' म्हटलं असतं तर ती हेडफोन काढून बाहेर आली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. पण नऊ दिवस मी त्या सोफ्यावर बसलो होतो. कर तुला हवं ते, असं माझ्या मनात आलं. मी मासिकाचं पान उलटलं.

तिनं 'बेबी' म्हणून गायलं. माझ्या त्या चार ओळींच्या जागेत डेनिसनं सॅक्सोफोन घातला.

रेकॉर्ड आली. कव्हरवर 'शेरी' एवढंच नाव, साटीनचा गाऊन, चेहऱ्यावर इतकी पावडर की मावशीनं आधी ओळखलंच नाही. कडीचं गाणं दोन आठवडे चार्टमध्ये चाळिसाव्या नंबराच्या आसपास रेंगाळलं. वॉर्डातल्या पोरी ते गुणगुणत. लिफ्टमध्ये एक पोर्टर मला म्हणाला, "तुझी बायको तुला रोज दार उघडं ठेवायला सांगते वाटतं." मी हसलो. घरी येऊन ते शर्लीला सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. न सांगून चाललं असतं.

"पपांना इंग्रजी येत नव्हतं, बरं झालं," ती म्हणाली.

मलिदा तिनं केला नाही. मी आठवणही दिली नाही.

पुढची दोन गाणी कुणी विचारली नाहीत. वर्षाच्या आत कंपनीचं पत्र आलं. शुभेच्छा होत्या, करार पुढे चालवायचा नव्हता. डेनिसला तिनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो मीटिंगमध्ये होता.

मग ती एकटीच आमच्या जुन्या क्लबात गाऊन आली. तिथल्या सेक्रेटरीनं जुन्या ओळखीखातर तिला उभं केलं होतं. परत आली आणि कोट काढता काढता म्हणाली, "कडीचं गाणं सुरू केलं तर सगळे उठून बारकडे गेले. मी पपाच म्हणत होते, एलिजा. पण मागनं एक बाई ओरडली, इथं डिस्को नको."

मी चहा टाकला. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली, तळाशी, बरंही वाटलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

"आपण दोघं गेलो असतो तर ऐकलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "तू वाजव ना पुन्हा. पहिल्यापासून करू. मी चुकले."

एवढं सरळ ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. मी कपात साखर ढवळत होतो. माझ्या तोंडून निघालं, "बोटं चालत नाहीत आता."

"काय झालं?"

"सांधे झिजलेत. मी स्वतः एक्स-रेचा फोटो काढून पाहिला."

ती नर्स. तिला फोटो बघायचा होता. दुसऱ्या दिवशी मी डिपार्टमेंटमधून जुन्या, टाकून द्यायच्या फिल्म्सपैकी एका हाताची फिल्म घरी आणली. कोपऱ्यावरची नावाची पट्टी कापली होती. शर्लीनं ती खिडकीशी धरली. बराच वेळ पाहत राहिली. बोटांची पेरं गाठाळलेली होती, हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या.

"आणि तू मला सांगितलंही नाहीस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून रोज जेवणानंतर ती तिळाचं तेल कोमट करायची, माझे दोन्ही हात मांडीवर घ्यायची आणि एकेक बोट चोळायची. टीव्ही चालू असायचा. कधी हळूच म्हणायची, "आज जरा मोकळं वाटतंय का?" मी म्हणायचो, "थोडं." दोन हिवाळे असं चाललं. रोज मनात यायचं, आज सांगून टाकावं. पण जितके दिवस जात तितकं सांगणं जड होत गेलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते चोळून घेणं आवडायलाही लागलं होतं. तिनं गाणं सोडलं. वॉर्डात जास्तीच्या ड्यूट्या घेऊ लागली.

गिटार मी फक्त ती ड्यूटीवर असताना काढायचो. गेल्या वर्षी मार्चमधली एक दुपार. मी पुढच्या खोलीत बसून वाजवत होतो, कुठलंसं जुनं नाचाचं गाणं, भरभर. दार उघडल्याचं कळलंच नाही. मान वर केली तर शर्ली उंबऱ्यात उभी होती, युनिफॉर्मवर कोट, हातात पावाची पिशवी. वॉर्डात त्या दिवशी नर्सेस जास्त होत्या म्हणून तिला लवकर सोडलं होतं.

किती वेळ ती ऐकत होती कोण जाणे. माझी कांडी तारांवरच थांबली.

ती पलीकडच्या खुर्चीवर बसली. कोट तसाच.

"त्या फोटोतला हात कुणाचा होता?" तिनं विचारलं.

"एका म्हाताऱ्याचा. खाणीत होता. नाव नाही लक्षात."

"जिवंत आहे?"

"माहीत नाही."

तिनं पिशवीतला पाव काढून टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"त्याच्या हाताला कुणी तेल लावत असेल का रे?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "शर्ली, मला त्या स्टुडिओत..."

"ते मला माहीत आहे. मी तुला सोफ्यावर बसवलं. त्याचं मी दोन वर्षं फेडत होते, असं मला वाटत होतं." ती उठली. "तुला फेडून नको होतं. तुला ते देणं तसंच हवं होतं."

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं कांदा चिरल्याचा आवाज आला. जेवताना तिनं मला मीठ दिलं, मी घेतलं. जेवणानंतर ती भांडी घासून वर गेली.

आम्ही अजून त्याच घरात राहतो. भांडत नाही. मेडनहेडला माझ्या भावाकडे लग्न होतं, तिथं बरोबर गेलो, फोटोत शेजारी उभे राहिलो. तिथं कुणीतरी शर्लीला म्हणालं, "तुमची ती रेकॉर्ड होती ना? एक गा की." ती हसून म्हणाली, आवाज गेला माझा. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते खरं असल्यासारखी मान डोलावली.