आंघोळ कुणी केली

सकाळी होडीत बसतानाच मी म्हटलं होतं, आजचं आभाळ काही बरं दिसत नाही. पण रुस्मिनीला थांबायचं नव्हतं. घरी तिचा बाप, जमहारी, अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते. त्याचं एकच मागणं उरलं होतं. पोरीचा नवरीच्या वेशातला फोटो, बेटावरच्या पांढऱ्या खडकापाशी, डोळे मिटायच्या आत बघायचा.

उगाच हट्ट नव्हता तो. लग्नपत्रिकेवर नवरानवरीचा समुद्राकाठचा फोटो नसला तर आमच्याकडे लग्न लागल्यासारखंच वाटत नाही, आणि माझं पोट त्याच फोटोंवर चालतं. माझ्या नवऱ्या मुली होडीतून त्या खडकापाशी नेणारा हा जमहारी. त्यांचे पायघोळ कपडे भिजू नयेत म्हणून स्वतः छातीभर पाण्यात उभा राहून होडी धरायचा. "यूस, लोकांच्या पोरी नेता नेता म्हातारा झालो. माझीचा कधी काढतेस?" दर खेपेला हेच विचारायचा मेला.

पाऊस अडवायला आम्ही अतोक बादरना, म्हणजे बादर आजोबांना, आणलं होतं. गावात कुणाचंही कार्य असलं की आभाळ धरायला आजोबा हेच. त्यांची अट सगळ्यांना पाठ. काम होईपर्यंत ते पाण्याचा घोट घेणार नाहीत आणि ज्यांचं कार्य त्यांच्या घरात कुणी अंगावर पाणी घ्यायचं नाही. मी असलं काही मानते असं नाही, पण विषाची परीक्षा कशाला घ्या म्हणून आंघोळ मीही टाळली होती.

निघताना जमहारी रुस्मिनीला म्हणाला, "अंग नुसतं चिकचिकतंय गं. ओल्या फडक्यानं पूस तरी."

"फोटो झाल्याशिवाय नाही, बापा. आल्यावर मीच पुसते."

"बरं," तो हसला. "तू पाऊस धर, मी जीव धरतो."

बेटावर अतोकनी झाडूच्या काडीला मिरच्या आणि कांदे टोचून ती वाळूत रोवली आणि पुटपुटत बसले. खरंच सांगते, पलीकडचा किनारा पावसात दिसेनासा झाला तरी आमची वाळू कोरडी होती. मी रुस्मिनीची पावडर ठीक केली, तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, दारमानची, टोपी सरळ केली. दोघांना खडकापाशी उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि धो धो सुरू झाला. खडक दिसेना, माणसं दिसेनात, भिंग धुरकटलं. तशीही बटणं दाबली मी. सगळे फोटो पांढरेफटक.

आम्ही ताडपत्रीखाली शिरलो. "अतोक, मिरच्या फिक्या होत्या काय?" दारमान म्हणाला.

"तुझ्या सासऱ्यासाठी घसा कोरडा करून बसलोय मी. तोंड सांभाळ."

रुस्मिनी हसली नाही. ती माझा हात धरून बसली होती, आणि पाऊस जरा वाढला की तिची बोटं रुतायची. "अयुक ताई, एकच फोटो. कसाही काढा. वाकडा आला तरी चालेल. पण बापाला दिसला पाहिजे हो." होडी परत न्यावी तर लाटा माणसाएवढ्या उठत होत्या.

अतोक बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, "घरात कुणीतरी अंगावर पाणी घेतलंय. माझा इलाज चालेना."

"वहिनी," रुस्मिनी ताडकन उठली. "तीच असणार. एक दिवस दम निघाला नाही तिला."

खाली फोन लागत नाही, म्हणून ती तशीच जरीच्या कपड्यांत खडकावर चढली. मी छत्री घेऊन तिच्या मागे, घसरत आणि शिव्या देत. पावसात ऐकू येईना म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा केला. तिचा भाऊ, सोपियान, लगेच बोलला. "कधीपासून फोन लावतोय तुला."

"ते राहू दे, अबांग दादा. आधी सांग, घरात आंघोळ कुणी केली?"

त्याच्या मागे बरीच माणसं बोलत होती.

"वहिनीला पाठीशी घालू नकोस. इथे एक फोटो झाला नाही माझा. बापाला काय दाखवू मी?"

"रुस, तिनं नाही केली गं." सोपियान म्हणाला. "बापाला घातली. तुझी वाट बघितली आम्ही. पण मौलवी म्हणाले, मय्यत जास्त वेळ ठेवू नये."

मला पावसाचा राग आला, अतोकचा आला, जमहारीचाही आला. इतकं धरलंस, मग एका फोटोपुरतं सोडलंस का रे?

रुस्मिनी रडली नाही. फोन कानाशी नेऊन तिनं हळूच विचारलं, "पाणी कोमट होतं ना?"

आम्ही खाली आलो. अतोकना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी काडी उपटून बाजूला ठेवली, ताडपत्रीबाहेर ओंजळ धरली आणि पावसाचं पाणी प्यायले. रुस्मिनी आत आलीच नाही. खडकाला पाठ टेकून ती भिजत उभी राहिली, आणि मी तिला आत बोलावलं नाही.