यादीवाल्यांची उभी चिठ्ठी

मित्रांनो, मला कुणी कुणाला पाठवलेलं नाही. माझ्यावर ख्यालीखुशालीही नाही. मी शब्दकोशाच्या कचेरीतली एक जुनी चिठ्ठी आहे, तळहाताएवढ्या जाड कागदाची. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुणी कधी वापरला याचा पुरावा, अशी आमच्याकडची रीत. माझ्या वाट्याला आलेला शब्द आहे 'यादीवाला'. युद्धाच्या वर्षांत तो घरोघरी कानावर पडे. आता म्हातारी माणसंही तो उच्चारताना आवाज खाली आणतात.

मला मास्तरांनी लिहिलं. ते कधी शाळेत शिकवत नव्हते, पण सगळी कचेरी त्यांना मास्तरच म्हणे. त्यांनी एका वर्तमानपत्रातून पाच वाक्यं उतरवली. 'यादीवाल्यांना घर भाड्याने देऊ नका' हे त्यातलं एक. बाकीची चार त्याहून कडवट. मग वर अर्थ लिहिला : 'फितूर, शत्रूला सामील असलेला माणूस.' शाळेसाठी कोशाची लहान आवृत्ती निघायची घाई होती. पाच पुरावे म्हणून मी लगेच निवडली गेले. शेजारच्या 'यादवी'कडे तीनच होते. मी तेव्हा फार तोऱ्यात होते, हे कबूल करते.

आवृत्ती निघाल्यावर दोन महिन्यांनी एक शिंपीण कचेरीत आली. हातात तेच पुस्तक, आणि माझ्या पानात बोट.

"हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं. बसा ना, बाई. काय झालं?"

"बसायला नाही आले. माझा बाप यादीवाला होता, फितूर नव्हता. माझी नात शाळेतून रडत घरी आली. पोरं म्हणतात, पुस्तकातच आहे."

मग तिने उभ्यानेच सांगितलं. तिचा भाऊ लढाईवर गेला होता. त्याची पत्रं थांबली. अशी कितीतरी घरं होती. कोण जिवंत, कोण गेलं, कुणीच सांगत नव्हतं. तेव्हा तिचे वडील आणि आणखी पंधरावीस जण दर सोमवारी सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहायचे. मागणी एकच : मेलेल्यांच्या नावांची यादी भिंतीवर लावा.

"तिथला कारकून म्हणायचा, आले बघा यादीवाले. तिथून पडलं ते नाव. पुढे पेपरवाल्यांनी उचललं आणि आमच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेना. आपल्याच सैनिकांचे गणवेश शिवणारा माणूस शत्रूला कसला सामील होतोय?"

मास्तरांनी मला खणातून काढलं, उलटं केलं आणि पाठीवर लिहिलं : 'मेलेल्यांची यादी मागणारा? तोंडी. शिंपीण, वय अडुसष्ट.' मग म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. पुरावे पाच होते, पण तोंड एकच होतं."

"चूक कबूल केलीत, बरं झालं. आता छापा दुसरं."

"छापतो. पण तेव्हाचा छापील कागद लागेल. माझा तुमच्यावर विश्वास आहे, कोशाच्या समितीचा बसणार नाही."

आमच्या खणात चिठ्ठ्या आडव्या, लांब कडेवर ओळीने बसतात. शंका असलेली चिठ्ठी मास्तर उभी करून ठेवत. तिचं डोकं वर आलं की खण बंद होत नसे. त्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. शिपाईमामा रोज कुरकुरायचे, "मास्तर, हा उघडा खण माझ्या गुडघ्याचं वाटोळं करणार."

"ठेच लागली की मला हाक मारा, मामा. विसरायला नको म्हणून तर उघडा ठेवलाय."

अकरा वर्षं मी उभी होते. माझी वरची कड उन्हाने आणि धुळीने पिवळी पडली. मास्तर शनिवारी मला खिशात घालून ग्रंथालयात जात आणि तेच वर्तमानपत्र युद्धाच्या शेवटापासून मागे मागे वाचत. जिथवर पोचत ती तारीख माझ्या पाठीवर पेन्सिलीने टिपत. आधी एका शनिवारी आठवड्याचे अंक वाचून होत, नजर अधू झाली तसे दोनतीन दिवसांचेच. शेवटची नोंद होती युद्धाच्या दुसऱ्या वर्षातला मार्च. त्यानंतरच्या शनिवारी मला कुणी बाहेर काढलं नाही.

काही दिवसांनी त्यांची मुलगी आली. ती औषधांच्या दुकानात काम करते, बारीक अक्षरं वाचायची तिला सवय. वडिलांचा चष्मा, डबा, छत्री पिशवीत भरून ती निघाली आणि माझ्या खणावर तिचा गुडघा आपटला. तिने मला काढलं. पुढून वाचलं, मागून वाचलं. पेन्सिलीच्या तारखांवरून बोट फिरवलं. मग पिशवी खाली ठेवली आणि समितीच्या अध्यक्षांकडे गेली.

"मोठा कोश महिनाअखेरीस छापायला जातोय," अध्यक्ष म्हणाले. "लहान आवृत्तीतला अर्थच राहील. तुमचे बाबा फार भला माणूस. पण एका शब्दापायी अकरा वर्षं?"

"मग माझे तीन आठवडे काहीच नाहीत. महिनाअखेरपर्यंत थांबा."

तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, रोज. ग्रंथालयातल्या त्याच बाकावर, वडिलांच्याच बोटभर उरलेल्या पेन्सिलीने ती मागे मागे जात राहिली. फेब्रुवारी. जानेवारी. तिला खोकला झाला, धुळीमुळे. एकदा ती वडिलांच्या एका आकड्याकडे पाहत इतका वेळ बसली की ग्रंथपालाने विचारलं, काही हवंय का? ती म्हणाली, "डिसेंबरचा गठ्ठा."

एकोणिसाव्या दिवशी, चौथ्या पानावर, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली चार ओळी होत्या : 'यादीवाल्यांची बैठक सोमवारी सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर. ज्यांच्या घरून कुणी गेलं आहे आणि पत्र येत नाही, त्यांनी यावं. भाषणं होणार नाहीत.' त्याच वर्तमानपत्रात! शिव्या सुरू होण्याच्या चार महिने आधी.

अध्यक्षांनी ती नक्कल दोनदा वाचली. तारीख पाहिली. मग छापखान्याला फोन लावायला सांगितला.

मुलीने वडिलांच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं : 'यादीवाला : १. युद्धात मेलेल्यांची नावं जाहीर करा, अशी मागणी करणारा. २. (निंदेने, पुढे) फितूर.' मग मला घेऊन शिंपिणीच्या घरी गेली. शिंपिणीला आता दिसत नव्हतं. तेव्हा रडत आलेली नात मोठी झाली होती, तिनेच वाचून दाखवलं.

"भाषणं होणार नाहीत," म्हातारी हसली. "हे बापाचंच. धड चार वाक्यं बोलता येत नव्हती त्याला." थोड्या वेळाने तिने विचारलं, "मास्तर का नाही आले?"

"बाबा गेले, आजी."

"आणि तू एवढं केलंस?"

"चिठ्ठी उभी होती," ती म्हणाली.

मित्रांनो, कुणी एखाद्याला एका शब्दात संपवू लागलं, तर तो शब्द लगेच उचलू नका. तो पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आला ते विचारा. पाच जण तेच म्हणत असले तरी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तुमचा एखादा खण उघडा राहू द्या, गुडघ्याला लागला तरी.

मी आता आडवी बसले आहे. मुलीने खण लोटला, तो पुरता बंद झाला. मग तिने कपाटाकडे पाहिलं. आणखी दोन खण उघडे होते. तिने खुर्ची पुढे ओढली.