जीनचा गुरुवार

माझ्या नवऱ्याच्या हातात माईक दिला की तो सुटलाच. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून तर विचारूच नका. इंग्लंडमधल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलीस समितीने जाहीर बैठकीत 'आशियाई समाजाच्या वतीने' दोन शब्द बोलायला बोलावलं, तेव्हा डॉ. शशिधर यांनी आदल्या दिवशीच सूटला इस्त्री करून ठेवली. स्वतः केली, हे विशेष.

१९९३ सालचा मार्च होता. पोलिसांच्या बजेटला कात्री लागली होती. हॉस्पिटलमागच्या आमच्या गल्ल्यांसाठी जीन नावाची एक कॉन्स्टेबल नेमलेली होती. ती पायी फिरायची, कम्युनिटी हॉलमध्ये बायकांना घराच्या सुरक्षिततेबद्दल चार गोष्टी शिकवायची, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायची. तिची ही जागाच बंद करून तो खर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला वळवावा, असा प्रस्ताव होता. तिकडे घरफोड्या वाढल्या होत्या.

जीन आमच्याकडे गुरुवारी यायची. माझ्या सासूबाई, सिंधुबाई, एरवी घराबाहेर पाऊल टाकत नसत. विचारलं की गुडघ्यांवर ढकलायच्या. पण गुरुवारी पिशवी घेऊन जीनबरोबर भाजीला निघायच्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्लिश. दोघींचं मस्त जमायचं.

जीन प्रत्येक घरात विचारायची, "काही त्रास नाही ना?" आणि आम्ही तिच्यापुढे चकल्या ठेवायचो. घरी आलेल्या बाईसमोर आपल्यात कुणी रडगाणं गातं का? संक्रांतीला तर ती युनिफॉर्ममध्ये असतानाच तिला हळदीकुंकू लावलं आणि वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. माझ्या गाडीवर कुणी अंडी फोडली, तर ती मी मुकाट्याने धुतली. शेजारच्या मीनलच्या दारावर कुणी घाणेरडा शब्द रंगवला, तर तिच्या नवऱ्याने जीन यायच्या आत सगळं दार रंगवून काढलं, आणि ओला रंग तिच्या कोटाला लागू नये म्हणून तिला मागच्या दाराने आत घेतलं. वर पोहे दिले. आम्हाला आमच्या या वागण्याचा अभिमान होता, हे सांगताना आज माझा मलाच राग येतो.

बैठकीत समितीचे अध्यक्ष म्हणाले, "गेल्या तीन वर्षांत या भागातून एकही तक्रार नाही. असा समाज सगळीकडे असावा."

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शशी उठला. इथे आपल्याला कुणाचा त्रास नाही, आपला कुणाला त्रास नाही, सगळे कसे सुखात आहेत, असं त्याने सुंदर इंग्लिशमध्ये सांगितलं. पुन्हा टाळ्या.

तो बसल्यावर मी कुजबुजले, "अरे, तू आत्ता जीनची पोस्ट घालवलीस. त्रासच नाही तर कॉन्स्टेबल कशाला देतील?"

"अनु, प्लीज, डोन्ट मेक अ सीन. सगळे बघतायत."

जीनचं काय होतं ते बघायला आमच्याबरोबर आलेल्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी माझा हात धरला. "काय ठरलं गं?"

"जीन आता यायची नाही, आई. तिच्या कामाला पैसे नाहीत."

त्या उठून उभ्या राहिल्या. कुणाला विचारलं नाही, की माईककडे गेल्या नाहीत. पदर खांद्यावर घेतला आणि मराठीत बोलायला लागल्या. अध्यक्षांनी दुभाषी आहे का विचारलं. दुभाष्याचा खर्च आदल्याच वर्षी बंद झाला होता. सगळे शशीकडे बघू लागले, तेव्हा तो नाइलाजाने आईशेजारी जाऊन उभा राहिला.

"मी गुरुवारीच बाहेर पडते," सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी ही जीन बरोबर असते म्हणून."

शशीने ते इंग्लिशमध्ये सांगितलं.

"एकटी गेले की बसस्टॉपवर ती पोरं असतात. अंगावर थुंकतात."

शशीने तिच्याकडे बघितलं. "आई?"

"सांग ना त्यांना."

त्याने सांगितलं. पेशंट गेल्याचं नातेवाइकांना न अडखळता सांगणारा माणूस, पण तेवढ्या एका वाक्यात तो दोनदा थांबला.

"घरी येऊन पातळ धुते. तुम्ही दोघं यायच्या आत वाळत घालते."

त्याने तेही सांगितलं.

कडेच्या खुर्चीवर जीन बसली होती. तिचा चेहरा पडला होता. "मी दर गुरुवारी विचारत होते," ती म्हणाली. मी ते सासूबाईंना सांगितलं.

"विचारायची ना बिचारी, हातवारे करून," त्या म्हणाल्या. "पण घरी आलेल्या माणसाला असलं काही सांगायचं असतं का?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "डॉक्टर, तुम्ही तर आत्ताच म्हणालात की कुणाला काही त्रास नाही. तुमच्या आईने तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

शशी आईकडे वळला. "आई, मला का नाही सांगितलंस?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता, हेच वाईट होतं.

"तू सगळ्यांना सांगत असतोस ना, आपल्याला इथे काही त्रास नाही म्हणून. गावाकडे फोनवरसुद्धा सांगतोस. केवढ्या आनंदाने सांगतोस. मग मी तुला खोटं कसं पाडू?"

"काय म्हणतायत त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

मला राहवेना. तेवढं तरी त्याच्या तोंडून नको, मीच सांगते, म्हणून मी अर्धी उठले. शशीने हातानेच मला बसायला सांगितलं. मग त्याने ते वाक्य इंग्लिशमध्ये सांगितलं, जसंच्या तसं, काही सौम्य न करता.

"मघाशी मी जे बोललो ते चुकीचं होतं," तो अध्यक्षांना म्हणाला. "ते नोंदीतून काढून टाका." आणि मराठीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "आई, मी खोटा पडलो. आता सगळं सांग."

त्या दिवशी मतदान झालं नाही. पुढच्या बैठकीत जीनची जागा कशीबशी वर्षभरासाठी वाचली. पण त्या दुपारी तो विचार कुणाच्या मनात नव्हता. सासूबाई एकेक सांगत होत्या. कुठे झालं, कुणी केलं, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आम्हाला काय कारण सांगितलं. आणि त्यांचा मुलगा शेजारी उभा राहून एकही शब्द न गाळता ते सगळं परक्या माणसांना सांगत होता.