सहा नंबरची पळवाट

मासेमारीच्या सामानाच्या दुकानामागच्या गवतावर एल्डन रास्कने आठ नंबरच्या गळाच्या काठीने तिसऱ्यांदा दोरी फेकली, आणि उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की त्याने दात आवळले. दुकानाची मालकीण ग्रेटा शहाणी बाई. ती तेवढा वेळ कुंपणावरच्या चिमणीकडे बघत राहिली.

"काय म्हणतोय खांदा?"

"त्याला तोंड नाही, तेच बरं आहे. सहा नंबरची दे."

"दोन हातांनी फेकायची लांब काठी बघता का?"

"डावा खांदा तर त्याच्याही आधी गेलाय, पोरी."

लाकडाच्या गिरणीत उभा जन्म काढलेला हा चौऱ्याहत्तर वर्षांचा गडी. आयडाहोच्या या नदीत तो पन्नास वर्षं दर शरदात स्टीलहेड माशासाठी उभा राहिलेला. नंबर वाढला की दोरी जड आणि काठी दणकट, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. नदीतल्या लहान ट्राउट माशाला चार किंवा पाच. समुद्रातून पाचशे मैल वर चढून येणाऱ्या स्टीलहेडला सात, आठ. आठ झेपत नसेल तर घरी बसावं, इतका सरळ हिशेब. पण माणूस घरी बसायचं म्हटलं की पळवाटा शोधतो, आणि एल्डनची पळवाट सहा नंबरची होती.

आत येऊन ग्रेटाने दोघांना कॉफी ओतली. "सहा म्हणजे धड इकडची ना तिकडची. दुसऱ्या कुणाला मी दिली नसती. पण तुमची गोष्ट वेगळी!" तिने अंगठ्याने मागचा फळा दाखवला. त्यावर खडूने लिहिलेलं होतं: एल्डन रास्क, पाच नंबर, चौतीस इंच. वर्ष होत आलं तरी तिने ते पुसलं नव्हतं. एवढ्या नाजूक काठीवर एवढी मोठी मासळी! गावातल्या खानावळीत त्याला लोकांनी कौतुकाने ॲपल-पाय खाऊ घातला होता. आणि यानेही तो निमूट खाल्ला होता.

फळ्यावरचं सगळं खरं होतं, पण गोष्ट अर्धीच सांगितली होती.

मासळी जंगली होती, पाठीमागचा छोटा पर शाबूत असलेली; माणसांनी वाढवून सोडलेल्यांचा तो कापलेला असतो. अशी मासळी सोडून द्यायची, असा कायदाच आहे. पण पाच नंबरने तिला ओढून घेता येईना. चाळीस मिनिटं ती झुंजली. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या चाळीस मिनिटांत एल्डन मजेत होता. खानावळीत हे कसं रंगवून सांगायचं, ते मनात जुळवत होता. हाती आली तेव्हा ती कुशीवर कलली. तिला पुन्हा दम यावा म्हणून तिचं तोंड प्रवाहाकडे धरून तो बोटं बधिर होईपर्यंत अर्धा तास गुडघाभर पाण्यात उभा राहिला. हात काढला तर ती पोट वर करून वाहत गेली. पोट अंड्यांनी भरलेलं होतं.

सहा नंबरने फार तर चाळीसाची तीस मिनिटं होतील, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो इथे आला होता.

दार उघडून डार्ला आत आली. शाळेची बस चालवणारी, चाळिशीची, बोलायला फटकळ बाई. "ग्रेटा, माझी पहिली स्टीलहेड या वर्षी! आणि आठबिठ काही दाखवू नकोस हं. मला पाच हवी, एल्डनसारखी." मग तिचं लक्ष गेलं. "अरे, देव इथेच बसलाय की!"

"या वर्षी पाच मागणारी ही चौथी," ग्रेटा हसत म्हणाली. "बाकी तिघांनी नेल्यासुद्धा. तुम्ही माझं दुकान चालवताय, एल्डन."

एल्डनने कप खाली ठेवला. तिघं! म्हणजे नदीत आता तीन माणसं मजेत उभी राहणार.

तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. ग्रेटाने सहा नंबरची काठी नळकांड्यात घालायला घेतली होती.

"ती मेली," तो म्हणाला.

"कोण मेली?" डार्लाने विचारलं.

"ती मासळी. मी दमवून मारली तिला." मग त्याने सगळं सांगितलं. अंड्यांचं, खानावळीतल्या ॲपल-पायचंसुद्धा. "तू आठ घे, डार्ला. दहा मिनिटांत ओढ आणि सोड. आणि ग्रेटा, त्या तिघांचे फोन नंबर काढून दे मला."

मघाचं हसू डार्लाच्या तोंडावर नव्हतं. "वर्षभर आम्ही सगळे तुम्हाला त्या मासळीची गोष्ट विचारत होतो," एवढंच ती बोलली, आणि आठ नंबरच्या काठ्यांकडे वळली.

ग्रेटाने एका कागदावर तीन नंबर लिहून त्याच्यापुढे सरकवले. मग हातातल्या काठीकडे बघून विचारलं, "हिचं काय करू?"

"ठेव जागेवर. चार नंबरची दे. घरची पाच हातात धरवत नाही आता."

"चार म्हणजे नुसती ट्राउट, एल्डन. स्टीलहेड संपली."

"हो."

"नक्की ना?"

"नाही," एल्डन म्हणाला. "लवकर बांधून दे."