शुक्रवारी किती रांधायचं

तीन महिने आमच्या घरात एकाच गोष्टीवरून वाजत होतं: शुक्रवारी किती रांधायचं. लोकांच्या मुली सोळाव्या वर्षी मोबाइलवरून भांडतात, कपड्यांवरून भांडतात, दार आपटून खोलीत जाऊन बसतात. आमची बया वजनकाटा घेऊन ओट्यापाशी उभी राहायची आणि विचारायची, सहा माणसांना एवढे बटाटे कशाला? मी तिला इन्स्पेक्टर म्हणायला लागले. तिला त्याचा रागही येईना. इन्स्पेक्टर तर इन्स्पेक्टर, पण चार बटाटे परत टोपलीत ठेव, म्हणायची.

मी नर्स आहे, वीस वर्षं वॉर्डात काढली. माझ्याच पोटची पोर मला सुनावते की वॉर्डात थेंब मोजून औषध देतेस आणि घरी घमेल्यानं वाढतेस. असली तिडीक जायची डोक्यात!

कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही. माझा नवरा बस चालवतो, बावीस वर्षं झाली. डेपोत दर वर्षी ड्रायव्हरांची तपासणी होते. या वर्षी त्याची साखर इतकी चढलेली निघाली की डेपोच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, उतरली नाही तर स्टिअरिंगवर बसू देणार नाही. मग काय, तर हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं, लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळत. घरी येऊन त्यानं हे हसत हसत सांगितलं आणि ताटावरून तसाच उठला. हा माणूस रस्त्यानं पायी चालताना वळायचं झालं तरी आधी मागं बघतो आणि हात दाखवतो. त्याच्याकडून बस काढून घ्यायची म्हणजे काय, हे आम्हा दोघींना न सांगता कळलं.

त्या दिवसापासून पोरीनं त्याची साखर आपल्या ताब्यात घेतली. घरात नर्स मी, आणि साखर बघणार ही. फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. सकाळी बोट टोचून आकडा लिहायचा, नाश्त्याला काय, डब्यात काय, सगळं ठरलेलं. तोही शहाण्या बाळासारखा ऐकायचा. रविवार ते गुरुवार माझं काही म्हणणं नव्हतं. उलट कौतुकच होतं.

वाद शुक्रवारचा. आम्ही ज्यू, आमच्याकडे शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत सगळं रांधून, गॅस बंद करून मेणबत्त्या लावायच्या. एकदा शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागला की शनिवारी संध्याकाळी तारे दिसेपर्यंत काही शिजवायचं नाही. भांडी मंद हॉटप्लेटवर झाकून ठेवलेली असतात, तेवढंच. कमी पडलं तर वर मूठभर तांदूळ टाकायची सोय नाही. त्यात आमचा हा प्रार्थनेहून कधी एकटा घरी येत नाही. प्रार्थना म्हणवणारे हझ्झान काका ठरलेले, त्यांची बायको गेल्यापासून दर शुक्रवारी ते आमच्याकडेच. त्यांच्या मागं अजून किती, ते दार उघडल्यावर कळतं. परगावचा कोणी दिसला की हा त्याला हाताला धरून आणतो, आणि शब्बाथला फोन बंद, त्यामुळं आधी कळवायचं नावच नाही. मग मी अंदाजानं चार माणसांचं जास्त करत होते. माझी आई तेच करायची. माझ्या टेबलावरून कोणी अर्धपोटी उठला असं मला मेल्यावरसुद्धा ऐकायचं नाही.

पोरीचं म्हणणं सरळ होतं. जास्तीचं पाहुणे खात नाहीत, पप्पा खातात. शनिवारी बस नाही, टीव्ही नाही, फोन नाही. दिवसभर माणूस घरात, आणि येता-जाता हॉटप्लेटपाशी थांबून एकेक चमचा. अन्न टाकवत नाही त्याला. संध्याकाळपर्यंत पातेलं चाटूनपुसून लख्ख, आणि आठवडाभराच्या पथ्यावर पाणी. तिनं हे मला कागदावर मांडून दाखवलं. मी म्हटलं, आठवड्यात एक दिवस आनंदाचा असतो, त्यात कसला हिशेब. ती म्हणाली, पप्पांचा आनंद बसमध्ये आहे.

शेवटी मी हात टेकले. कर बाई तुझ्या मापानं, म्हटलं. त्या शुक्रवारी आम्ही तिघं, हझ्झान काका, माझी नणंद आणि तिचा नवरा, असे सहा धरले होते. सहा जणांची कोंबडी, सहा जणांचा भात, माणशी दीड बटाटा. अर्धा बटाटा कसा वाढतात ते मला आजवर माहीत नव्हतं.

आणि त्याच दिवशी आमच्या साहेबांनी तिघांना आणलं. मुलगी बाळंत झाली म्हणून गावात आलेलं म्हातारं जोडपं, आणि त्यांचा हा एवढा धिप्पाड जावई. मी कपाळाला हात लावला. पोरगी गुपचूप आत गेली आणि कोंबडीचे तुकडे निम्मे करून घेऊन आली. सगळ्यांना एकेकदा वाढून झालं, जावयानं ताट पुढं केलं, मी पातेल्यात डाव घातला, तर तो बुडाला खरडला. अख्ख्या टेबलानं तो आवाज ऐकला. हझ्झान काका दोनदा भात घेणारे, ते लगेच म्हणाले, पोट भरलं. माझ्या नवऱ्यानं दुपारी उशिरा जेवलोय असं खोटंच सांगून आपलं ताट जावयापुढं सरकवलं. नणंदबाईंना तर आयतंच मिळालं. वहिनी, सगळ्या घरालाच डाएटवर ठेवलंय वाटतं, असं म्हणून त्यांनी पाव मोडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाहुणे गेल्यावर मी पोरीला जे बोलले ते इथं सांगत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच बोलली.

"कोणी उपाशी गेलं नाही, आई. तुला फक्त लाज वाटली."

खरं होतं म्हणूनच झोंबलं. शनिवारचा अख्खा दिवस मी तोंड फुगवून काढला. आणि पुढच्या शुक्रवारपासून माझ्याच घरात चोरी सुरू केली.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून बाराला घरी येते, त्याच्या बदल्यात दुसऱ्यांच्या रविवारच्या ड्यूट्या करते. पोरगी शाळेतून तीनला येते. मधल्या तीन तासांत मी दोन मोठे डबे भरायचे: एकात तेलात खरपूस परतलेले बटाटे, एकात मनुके घातलेला गोड भात. ते फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात, पालेभाजीच्या पिशव्यांमागं. मग इन्स्पेक्टर आली की तिच्यासमोर काट्यावर मोजून सहा माणसांचं रांधायचं, गरीब गाय होऊन. कोणी जास्तीचं आलंच तर डबे बाहेर काढीन, थंड तर थंड, पण डाव बुडाला लागू देणार नाही, असा माझा बेत. नाही लागले तर रविवारी वॉर्डात नेईन, तिथल्या पोरी फडशा पाडतात.

पहिल्या शुक्रवारी कोणी आलं नाही. शनिवारी दुपारी जेवून आम्ही तिघंही आडवे झालो. उठून मी थर्मासमधला चहा घेतला आणि सहज खण उघडून बघितला, तर गोड भाताचा डबा अर्धा.

आता मला सांगा, कोणाचा संशय यावा? नवरा तर इतका पथ्याला लागला होता की चहात साखर पडली का म्हणून वास घेऊन बघायचा. आणि पोरगी काडीसारखी. टेबलावर दोन घास खाऊन वर आम्हाला ग्रॅम शिकवणारी. मला वाटलं, सापडलीस! दिवसभर शहाणपणा आणि दुपारी आई झोपली की मनुक्याचा भात. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिला लहानपणापासून मनुके आवडतात. मी एक अक्षर बोलले नाही. पुढच्या शुक्रवारी मनुके दुप्पट घातले.

असं आठ आठवडे चाललं. पाहुण्यांसाठी डबा एकदाच बाहेर निघाला, आणि कालचं थोडं होतं अशी थाप मी मारली. एरवी दर शनिवारी डबे हलके व्हायचे आणि मी मनात हसायचे. बाहेर मात्र भांडण वाढतच होतं. शब्बाथला ते बोट टोचायचं यंत्र वापरत नसू, पण रविवारी सकाळी आकडा उडी मारलेला असायचा. पोरगी तो बघून हैराण. तिला वाटायचं, शुक्रवारचं अजूनही जास्तच होतंय. मग माणशी दीड बटाट्याचा एक झाला. मी म्हणायचे, तुझं यंत्रच बिघडलंय. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, की मी तक्त्यात काय चुकतेय ते तरी सांग, तू नर्स आहेस ना. मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नये. असं म्हणाले मी तिला.

तपासणी मंगळवारी होती. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी असते ती, आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. हे मी रोज पेशंटना सांगते. तो संध्याकाळी घरी आला, दाराशी बूट काढले, आणि या वेळी हसला नाही. सहा महिने स्टिअरिंग बंद, उद्यापासून छत्र्यांची खोली. माझ्याशी एवढंच बोलला आणि कपडे न बदलता गॅलरीत जाऊन उभा राहिला. खालून बस गेली की त्याची मान तिच्यामागं वळायची. पोरगी बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आत बसली. मी दारावर थाप मारली तर म्हणाली, काही नाही.

शुक्रवार आला. मी डबे भरले नव्हते, जीवच झाला नाही. तो लवकरच प्रार्थनेला निघून गेला, लोकांनी विचारायच्या आत कोपऱ्यात बसायला. सूर्य बुडायला पाऊण तास उरला होता. कोंबडी झाली होती, भात चढवायचा होता. पोरगी टेबलावर चादर पसरत होती. वजनकाटा तिनं कपाटातून काढलाच नव्हता. मी तांदळाचा डबा उघडला आणि विचारलं, किती घालू?

"तुला हवं तेवढं घाल," ती म्हणाली.

हे ऐकायला मी तीन महिने तडफडत होते. आणि ऐकलं तर ते नकोसं झालं. त्यात माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की आधी तोंडातून राग निघतो. मी म्हटलं, आता का गं हात झटकतेस? आणि एवढी पथ्याची चाड होती, तर दर शनिवारी दुपारी माझ्या डब्यातला गोड भात कोण खात होतं? मला काय कळत नव्हतं?



"मी?" ती म्हणाली. "तुला वाटलं, मी खातेय?"

तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला सगळं एका क्षणात कळलं. वीस वर्षं लोकांच्या साखरा मोजणारी मी, मला हवं होतं तेवढंच बघत बसले होते.

ती तिथूनच, खालच्या आवाजात सांगत गेली. चौथ्या शनिवारी पाणी प्यायला उठली, तर पप्पा फ्रिजपाशी जमिनीवर मांडी घालून बसलेले, मांडीवर डबा. तिला बघून रडायलाच लागले. शेवटचं, म्हणाले, पुन्हा नाही. आईला सांगू नकोस, तिनं चोरून एवढ्या हौसेनं केलंय, कोणी खाल्लं नाही तर ती हिरमुसते. आणि तुमची अजून भांडणं लागतील. हिनं त्यांना शब्द दिला. त्यांनीही आपला शब्द पाळला असेल असं समजून ती पुढं आकडे लिहीत राहिली.

"मग माझ्याशी भांडायचं नाही का?" मी म्हटलं. "तांदळाच्या दाण्यावरून भांडतेस, आणि एवढी मोठी गोष्ट—"

"रोज भांडत होते की, आई," ती म्हणाली. "तो एकच दिवस गप्प बसले. आणि त्याच्यामुळंच पप्पांची बस गेली."

तुझ्यामुळं नाही गं, माझ्यामुळं, असं मला म्हणायचं होतं. म्हणालेसुद्धा, दोनदा म्हणाले. पण ती मान हलवत राहिली, तिनं ते आतून पक्कं करून टाकलं होतं. भात आत्ता चढवला नसता तर झाला नसता. मी वाटी तांदळात घातली, भरली, तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, ही जास्त होतेय ना? सांग ना, जास्त होतेय. तिनं वाटीकडे बघितलंसुद्धा नाही.

"भांड की गं माझ्याशी," मी म्हटलं.

तिनं चादरीची सुरकुती हातानं सारखी केली आणि मेणबत्त्या आणायला आतल्या खोलीत निघून गेली.